खावरचा भुयारी नवरा

मित्रांनो, तुम्ही माझ्या अंगावरून चालत गेलात तरी मी आहे याचा तुम्हाला पत्ता लागणार नाही. वर नुसता माळ दिसेल. करडी माती, काटेरी झुडपं आणि डोंगराच्या पायथ्यापासून गावापर्यंत गेलेली मातीच्या उंचवट्यांची लांबच लांब रांग. दुरून बघणाऱ्याला ती वारुळं वाटतात. पण त्या प्रत्येक उंचवट्याच्या मधोमध एक खोल विहीर आहे, आणि त्या सगळ्या विहिरींचे तळ ज्याने आतून जोडले आहेत, तो मी. मी इराणातला एक जुना भुयारी पाट आहे. आमच्याकडे मला कनात म्हणतात.

ज्या माणसाने माझ्यासाठी पहिली कुदळ मारली, त्याला माझं पाणी बघायला मिळालं नाही. त्याने डोंगराखाली मूळ विहीर खोदली, तिला ओल लागली, आणि तोवर तो म्हातारा झाला. पुढे त्याच्या मुलाने आणि नातवाने बसून, सरपटून, एरंडेलाच्या दिव्याच्या उजेडात मला गावाकडे ओढत आणलं. उतार इतका हलका ठेवला, की पाणी धावूही नये आणि थबकूही नये. जिथे माती ठिसूळ होती, तिथे भाजलेल्या मातीची मोठमोठी कडी बसवली. त्या माझ्या बरगड्याच म्हणा ना. आणि एके दिवशी तूतक गावाच्या वेशीवर माझं तोंड उघडलं.

तेव्हापासून तूतकचा गहू माझा, डाळिंबं माझी, तुतीची झाडं माझी. पोरांचे पाय माझ्यात धुतले जायचे आणि म्हाताऱ्यांची भांडणंही माझ्याच काठावर व्हायची. मला वाटायचं, हे असंच चालायचं.

मग ओळीने काही वर्षं डोंगरावर बर्फ पडेना. माझी धार बारीक झाली. गावातले जाणते एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं, की पाट नर आहे, एकटा आहे, म्हणून रुसला आहे. त्याचं लग्न लावून द्यायला हवं. हसू नका मित्रांनो, आमच्या मुलखात अशी रीत होती. एखाद्या विधवेचं पाटाशी लग्न लावायचं. तिने आठवड्यातून एकदा त्याच्या पाण्यात उतरायचं, दुसरा नवरा करायचा नाही, आणि सुगीला गावाने तिच्या घरी वर्षाचा गहू पोचवायचा.

गावात खावर नावाची एक तरुण विधवा होती. नवरा तापाने गेलेला, घरी आंधळी आई. हात रिकामे, पण जीभ तिखट. गावप्रमुख मश्दी सफर घसा खाकरत तिच्या दारात जाऊन उभे राहिले. गावप्रमुखाला आमच्याकडे कदखुदा म्हणतात.

"खावर, स्थळ आणलंय."

"ऐकलंय मी," ती पीठ मळता मळता म्हणाली. "नवरा अफू ओढतो का?"

"नाही."

"मारतो?"

"अगं, पाट आहे तो!"

"मग घोरत तरी असेल."

"खावर!"

"ओरडू नका कदखुदा, आई दचकते. द्या लावून. निदान रात्री-बेरात्री जेवायला तरी मागणार नाही."

असं माझं लग्न झालं. मुल्लांनी नाक मुरडलं, पण बायकांनी डफ वाजवले, आणि खावर माझ्या पाण्यात उभी राहून थंडीने कुडकुडत हसली. पुढच्या वसंतात माझी धार वाढली. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात डोंगरावर भरपूर बर्फ पडलं होतं. पण गाव म्हणालं, खावरचा पायगुण. मीही गप्प बसलो. तिच्या घरी गहू जात होता, त्यात माझं काय बिघडत होतं?

ती दर शुक्रवारी यायची. पाण्यात पाय सोडून बसायची आणि मला सगळं सांगायची. आईचे डोळे, शेजारणीच्या कोंबड्या, पावाला न आलेला फुगा. मी ऐकायचो. ऐकण्याशिवाय मला येतं काय?

माझी देखभाल करायचा तो उस्ता बराताली; कसबी कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. अंगाने आडवा, बोलायला तुसडा, पण माझ्या अंगात कुठे काय दुखतं ते त्याला नुसत्या वासावरून कळायचं. तो आणि त्याचा पाठचा भाऊ नौरूज दर वसंतात माझ्या विहिरींत उतरून गाळ काढायचे. एका शुक्रवारी बराताली चिखलाने माखून माझ्या तोंडाशी बाहेर आला. खावर तिथेच बसली होती.

"खावर खानम, तुमच्या यजमानांचं पोट साफ करून आलो."

"काही बोलले का?"

"म्हणाले, बायको फार बोलते."

खावरने डोक्यावरून घेतलेल्या चादरीचं टोक तोंडावर ओढलं, पण खांदे हलत होते. बराताली मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. चिखल खरवडत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "त्यांना सोडून दुसऱ्या घरी यायचा विचार कधी आला, तर माझं घर रिकामं आहे."

खावरने पाण्यात पाय हलवला. "मी गेले आणि पुढच्या वर्षी पाणी आटलं, तर लोक कुणाच्या दारात येतील, उस्ता? तुझ्या का माझ्या?"

कुदळ खांद्यावर टाकून तो निघून गेला. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही, आणि खावरनेही मला त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. बाकी सगळं सांगणारी ती!

याच सुमारास गावात पाणी उपसायची मोटार आली. कदखुदांच्या भावाचा मुलगा फतहुल्ला शहरात राहून आला होता. त्याने माळावर यंत्राने खोल विहीर मारली आणि तिच्यावर इंजिन बसवलं. ते दिवसभर धडधडायचं, आणि मला आतपर्यंत हादरे बसायचे. फतहुल्ला वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला घाई होती, एवढंच. त्याचा ट्रक पाइप घेऊन माळावरून जायचा. वाटेत माझी एक विहीर आडवी यायची. हिवाळ्यात एकदा ट्रकचं चाक तिच्या कडेला खचलं. दुसऱ्याच दिवशी त्याने माणसं लावून ती विहीर दगडमातीने भरून टाकली, वरून जमीन चोपून सपाट केली, आणि कुणाला काही सांगितलं नाही. तो ढिगारा थेट माझ्या अंगात येऊन पडला. दगडांच्या फटींतून पाणी कसंबसं वाट काढू लागलं.

वसंत आला. गव्हाच्या ओंब्या भरायला लागल्या, आणि माझ्या तोंडाशी पाणी कमी पडू लागलं. लोक खावरकडे बघू लागले. "नवऱ्याशी भांडलीस की काय?" कुणी थट्टेने म्हणायचं, पण आवाजात थट्टा नसायची.

"मी जाऊन बघतो," बराताली म्हणाला.

तो सकाळीच पांढरे कपडे घालून आला. जमिनीखाली उतरणारे आमच्याकडे पांढरंच घालतात. खाली काही झालं, तर तेच कफन.

नौरूजने रहाटाचा दोर तपासला आणि तिथेच घुटमळला. "दादा, आज नको. आज मन मागे ओढतंय."

"तुझं मन रोजच मागे ओढतं. तू रहाट ओढ."

दुआ पुटपुटून बराताली विहिरीत उतरला. तळाशी पोचून त्याने दिवा पेटवला आणि पाण्यातून वाकून डोंगराच्या दिशेने चालू लागला. माझ्या भिंतींवर तो हात फिरवत होता. मला बरं वाटलं. हिवाळाभर कुणी आलं नव्हतं.

थोडं वर गेल्यावर त्याला तो ढिगारा दिसला. दगड, विटांचे तुकडे, ट्रकचं फाटकं टायर. त्याने दिवा उंच धरला. वरून यायला हवा होता तो उजेडही नव्हता.

"कुणाची रे ही अक्कल!" तो मोठ्याने म्हणाला. माझ्या अंगात तो आवाज लांबपर्यंत गेला.

त्याने दगड सरकवायला घेतले. एक, दुसरा. आणि तेवढ्यात त्याच्या पाठीमागे, जिथे तुंबलेल्या ओलीने माती फुगली होती, तिथलं छत खाली आलं.

आवाज फार मोठा झाला नाही, मित्रांनो. जड पोतं जमिनीवर टाकावं, तेवढाच. पण दिवा विझता विझता राहिला आणि धूळ खाली बसली तेव्हा बरातालीची परतीची वाट बंद झाली होती. मागे कोसळलेली माती, पुढे फतहुल्लाचा ढिगारा. मधे तो. आणि ढिगाऱ्याच्या फटींतून पाणी येतच होतं. त्याला आता बाहेर जायला जागा नव्हती.

ते त्याच्या घोट्यापर्यंत होतं. बघता बघता पोटऱ्यांपर्यंत आलं.

वर नौरूजला विहिरीतून धुळीचा झोत आलेला दिसला. त्याने हाका मारल्या. उत्तर नाही. तो गावाकडे असा पळत सुटला, की त्याचा एक जोडा वाटेतच राहिला. सारं गाव माळावर आलं. खावरही आली, हाताला पीठ तसंच.

"वरच्या विहिरीतून उतरू!" नौरूज धापा टाकत म्हणाला. "तो तिकडच्या बाजूला असेल तर तिथून काढता येईल!"

सगळे धावले. आणि थांबले. जिथे विहीर असायला हवी होती, तिथे सपाट जमीन होती. तिच्यावर चाकांच्या खुणा.

नौरूज स्वतःभोवती गरगर फिरला. "विहीर कुठेय? इथेच होती. इथेच होती ना?"

मग मागून फतहुल्लाचा आवाज आला. "मी बुजवली. हिवाळ्यात. ट्रकचं चाक अडकलं होतं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"वाटलं, एवढ्या विहिरी आहेत. एक कमी झाली तर काय..."

नौरूजने त्याची कॉलर धरली. कदखुदा मधे पडले. "सोड त्याला. त्याचं नंतर बघू. आधी उस्ताचं बघ."

नौरूज जमिनीवर पालथा पडला आणि त्याने मातीला कान लावला. खाली बराताली कुदळीच्या दांड्याने माझ्या भिंतीवर ठोकत होता. ठक्, ठक्. मग थोडं थांबून पुन्हा.

"जिवंत आहे!" नौरूज उठला, पण त्याचा चेहरा उजळला नाही. "पाणी वरून येतंय आणि त्याला निघायला वाट नाही. ही विहीर उपसायला दोन दिवस लागतील. मी खालून कोसळलेली माती फोडतो, पण तोवर पाणी छताला लागेल."

"मग वरून येऊ देऊ नका," खावर म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"त्या पलीकडची विहीर उघडी आहे ना? तिथे उतरून पाणी अडवा. घरातले लोकरीचे नमदे कोंबा, पेंढ्याची पोती कोंबा, काय वाटेल ते कोंबा. नौरूज फोडेपर्यंत अडवून धरा."

लोकांत कुजबुज सुरू झाली. वाहत्या पाटाचं पाणी आतून अडवायचं, हे आमच्याकडे कुणी कधी केलं नव्हतं. कदखुदांनी पगडी काढली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"खावर, तिथे वरच्या अंगाला माती ठिसूळ आहे. पाणी तुंबलं तर ती भिजून सगळी खाली येईल. पाट मेला तर ओंबीतला गहू जळेल. गाव उठून जाईल. एका माणसासाठी मी..."

"तो एक माणूस तुमच्या गव्हासाठीच खाली गेलाय," नौरूज म्हणाला.

"मला माहीत आहे रे! माहीत नाही असं वाटतं का तुला?"

"कोण उतरणार?" कुणीतरी विचारलं. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. काहींना माती कोसळायची भीती होती. काहींना माझी भीती होती, मित्रांनो. त्यांना वाटत होतं, पाटाचा गळा धरणाऱ्याच्या घराला पाट शाप देतो.

खावरने हाताचं पीठ चादरीला पुसलं आणि चादरीचा पदर कमरेला घट्ट खोचला. "मी उतरते. तो माझा नवरा आहे. त्याचा गळा दाबायचाच असेल तर मी दाबते. आमच्या दोघांत दुसऱ्या कुणी यायचं कारण नाही."

नौरूज खालच्या विहिरीकडे पळाला. बायकांनी घराघरांतून नमदे ओढून आणले, पेंढ्याची पोती आणली, तुतीचा एक जाड वासा आणला. नौरूजची बायको तूबा चार बायकांना घेऊन वरच्या विहिरीच्या रहाटावर उभी राहिली. तिने खावरच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि म्हणाली, "दोराला तीन झटके दे. मेलीस तरी वर ओढीन."

"मेले तर ओढू नकोस, आई बघायला मागेल. तिला दिसत नाही, पण हात लावून सगळं कळतं," खावर म्हणाली आणि काळोखात उतरली.

ती माझ्या आत पहिल्यांदाच येत होती. इतकी वर्षं तोंडाशी बसून बोलणारी माझी बायको माझ्या पोटात उतरली, तेव्हा तिचे दात वाजत होते. थंडीने की भीतीने, तिलाच ठाऊक. पाणी मांड्यांपर्यंत होतं. वरून नमदे आले, पोती आली. तिने वासा आडवा करून माझ्या दोन्ही भिंतींत ठोकून बसवला. मग नमद्यांच्या गुंडाळ्या त्याला टेकवून कोंबल्या, त्यांच्यामागे पोती. पाणी दर वेळी एखादी गुंडाळी ढकलून द्यायचं, आणि ती पुन्हा उचलून कोंबायची. शेवटची फट बुजली, तेव्हा ती वळली आणि त्या बांधाला पाठ लावून, पाय समोरच्या दगडात रोवून उभी राहिली.

खाली जाणारं पाणी थांबलं.

आणि माझ्या मागच्या अंगात ते चढू लागलं. मित्रांनो, पाणी वाहणं हा माझा स्वभाव. ते अडलं की माझा जीव घुसमटतो. त्या बांधामागे ते माझ्या ठिसूळ भागात शिरलं, जिथे ती मातीची कडी होती. जुनी कडी. त्यांच्यामागची माती भिजत गेली, जड होत गेली. एका कड्याला तडा गेला. तो आवाज खावरलाही ऐकू आला.

"अरे, थांब," ती म्हणाली. आवाज अगदी घरातल्यासारखा होता. "तुझ्याशी मी आजवर भांडले नाही. शेजारणी नवऱ्यांशी भांडतात, मी एकदा तरी भांडले का? मग आज एवढं ऐक. थोडा वेळ धर."

मी धरलं. कसं, ते मला सांगता येणार नाही. मला हात नाहीत. पण ज्या तीन पिढ्यांनी मला खोदलं, त्यांनी त्या कड्यांचे सांधे मन लावून बसवले होते. त्यांचं काम त्या दिवशी मला धरून होतं. छतातून मातीचे कण पडत होते. खावरच्या केसांत, खांद्यावर, डोळ्यांत. तिचा दिवा पाण्यात पडून विझला. ती हलली नाही.

खाली बरातालीच्या छातीपर्यंत आलेलं पाणी तिथेच थांबलं. तो फतहुल्लाच्या ढिगाऱ्यावर चढून छताला डोकं टेकून बसला होता. हवा जड झाली होती. पाणी का थांबलं, हे त्याला कळेना. तो ठोकायचा थांबला. वर जमिनीला कान लावून बसलेला फतहुल्ला किंचाळला, "आवाज बंद झाला!"

तो उठला आणि सरळ नौरूजच्या विहिरीकडे धावला. रहाटावरच्या माणसाला म्हणाला, "मला खाली सोड." तो शहरी कपड्यांतला माणूस खाली जाऊन नौरूजच्या मागे बसला आणि नौरूज उकरेल ती माती हातांनी मागे ओढू लागला. नौरूजने एकदाच वळून बघितलं आणि म्हणाला, "नखं जातील तुझी." फतहुल्ला माती ओढत राहिला.

नौरूजने समोरून फोडलं नाही. समोरून फोडलं असतं तर मागे साठलेलं पाणी दोघांनाही घेऊन गेलं असतं. त्याने छताला लागून वरच्या वर एक बीळ पाडलं. हात जाईल एवढं. मग डोकं जाईल एवढं. त्यातून पाणी आलं, पण लोंढा नव्हता. आणि त्या पाण्यामागून एक हात आला.

"दादा?"

"हळू ओढ," आतून आवाज आला. "बरगडी मोडलीय. आणि आईवरून शिवी देऊ नको म्हणशील, पण ज्याने विहीर बुजवली त्याच्या..."

"तो माझ्यामागेच आहे."

"बरं," बराताली म्हणाला. "मग बाहेर गेल्यावर देतो."

बराताली वर आला, मागोमाग नौरूज आणि फतहुल्लाही, आणि माळावर उभ्या माणसांच्या रांगेतून हाक पुढे पुढे गेली. निघाला! निघाला! तूबाने विहिरीत तोंड घालून ओरडून सांगितलं. "खावर! निघाला! ये वर!"

आता सगळ्यात अवघड काम उरलं होतं. खावर बाजूला झाली असती तर बांध तिच्या अंगावर फुटला असता. तिने आधी दोराला तीन झटके दिले. दोर ताठ झाला, तिचे पाय पाण्यातून सुटले. मग लोंबकळत तिने वाशाला लाथ मारली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या लाथेला वासा निसटला आणि माझ्यात साठलेलं सगळं पाणी एकदम सुटलं.

त्याने तिला भिंतीवर आपटलं. तिचा डावा हात कोपराजवळ मोडला. दोर भेलकांडला, वर बायकांच्या तळव्यांची साल निघाली, पण तूबाने रहाट सोडला नाही. खावर वर आली तेव्हा तिच्या अंगावर कोरडी अशी वीतभर जागा नव्हती, आणि ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "पाट कसा आहे? पाट कसा आहे?"

तिला उत्तर मीच दिलं. पाणी एकदम उतरलं, आणि इतका वेळ पाण्यानेच तोलून धरलेली ती भिजलेली माती सुटी पडली. माझी कडी एकामागून एक मोडली. माळ हादरला. वाटेतले ढिगारे फोडत गावाच्या वेशीवर माझ्या तोंडातून गढूळ पाण्याचा लोंढा आला, मग चिखल, मग थेंब थेंब. मग काही नाही.

कदखुदा माझ्या कोरड्या तोंडाशी जाऊन बसले आणि त्यांनी चेहरा ओंजळीत धरला.

पुढचे दिवस वाईट होते. ओंबीतला गहू पिवळा पडण्याऐवजी पांढरा पडू लागला. कुणी खावरला तोंडावर बोललं नाही. पण ती रस्त्याने गेली की गप्पा थांबायच्या, आणि हे बोलण्यापेक्षा वाईट असतं. ती मोडका हात गळ्यात बांधून शुक्रवारी आली, कोरड्या दगडांवर बसली, पण मला काहीच सांगितलं नाही.

फतहुल्ला स्वतःहून पुढे आला. त्याने आपल्या मोटारीचं पाणी गावच्या शेतांत सोडलं. सगळ्यांना पुरलं नाही, पण निम्मा गहू वाचला. आणि छातीला पट्टे बांधलेला बराताली, हकिमाने पडून राहायला सांगितलेलं असताना, पुन्हा माझ्या विहिरीत उतरला. त्याच्यामागे नौरूज. त्यांच्यामागे आधी उतरायला कचरलेले पुरुष, एक एक करत. उन्हाळाभर त्यांनी माझं मोडलेलं अंग उपसलं. गावच्या भट्टीत नवी कडी भाजली. डाळिंबं लाल व्हायला लागली तेव्हा माझ्या तोंडाशी पुन्हा पाणी आलं. पूर्वीपेक्षा कमी. जी धार गेली, ती परत कधी आली नाही.

मग गाव बसलं, आणि त्यांनी ठरवलं, की नवऱ्याचा गळा दाबणारी बायको या घरात नको. कदखुदा तिच्या दारात आले. पहिल्यांदा आले होते तसेच घसा खाकरत.

"खावर, गावाने तुझा तलाक ठरवलाय. पाटाकडून."

"गहूही बंद?"

"गहूही बंद." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "आणि दुसरा नवरा न करायची अटही बंद. ती मी मुद्दाम लिहून... म्हणजे, बोलून घेतली सगळ्यांसमोर. कळलं ना?"

खावरने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "कदखुदा, तुम्ही दिसता तेवढे भोळे नाही."

"हे कुणाला सांगू नकोस," म्हातारा म्हणाला.

शरदात तिचं आणि बरातालीचं लग्न झालं. वरात माझ्या काठाने गेली. खावरने सगळ्यांना पुढे जायला सांगितलं आणि ती एकटी मागे थांबली. वाकून तिने एका हाताची ओंजळ भरली. दुसरा हात अजून नीट वळत नव्हता.

"तू त्या दिवशी धरलंस," ती म्हणाली. "मला कळलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विश्वास ठेवणार नाही." ती पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि वरातीमागे धावत गेली.

मित्रांनो, मला तिचा राग आला का, असं तुम्ही विचाराल. नाही आला. ती जिवंत चालत जात होती, आणि तो पुढे वळून वळून तिची वाट बघत होता. माझ्यासारख्या पाटाने आणखी काय मागावं?

त्यानंतर गावाने माझं पुन्हा लग्न लावलं नाही. पुढे माळावर मोटारी वाढल्या. जमिनीतलं पाणी खोल खोल गेलं. आधी फतहुल्लाची विहीर आटली, मग इतरांच्या. माझ्या शेजारचे कितीतरी पाट कोरडे पडून मातीत मिळाले. मी अजून वाहतो. धार करंगळीएवढी आहे. तिच्यावर काही तुतीची झाडं जगतात, आणि तूबाच्या नाती तिथे भांडी धुतात.

तुमच्या गावातही जमिनीखाली कुणीतरी असेल. एखादी जुनी विहीर, बारव, पाण्याची बुजत चाललेली वाट. तिला काम नाही असं समजून तिच्यात कचरा टाकू नका, दगड लोटू नका. ती खोदताना कुणाची तरी हयात गेलेली असते. आणि कधी तिच्या काठाशी गेलात, तर आधी वाकून एक हाक मारा, आणि उत्तर येतं का ते नीट कान देऊन ऐका.